चोकवाले नाना

नाना चुरी कारखान्यात शिरायचे ते आधी कानाने. जीप फाटकातून आत आली की ते लगेच उतरत नसत. इंजिन बंद करायचे, दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवायचे आणि मान जराशी कलती करून शेडमधला आवाज ऐकत बसायचे. तांब्याची तार गुंडाळणाऱ्या मशिनांची ती खडखड आम्हाला सगळी सारखीच वाटायची. नाना उतरून सरळ आत जायचे, बरोबर एका मशिनपाशी थांबायचे आणि तिथल्या बाईला म्हणायचे, "हिला तेल पाज गं. सकाळपासून कण्हतेय."

स्वतः ते आत्ताच आलेले असायचे. तरी 'सकाळपासून'. आणि तेल घातलं की मशीन खरंच गप्प व्हायचं.

तलासरीच्या पुढे, हायवेला लागून आमचा कारखाना होता. 'तारका' चोक तिथे तयार व्हायचा. चोक म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीत एक वजनदार ठोकळा असायचा. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्याला धरून लोखंडी पत्र्यांची चळत, वर झाकण. ट्यूब पेटवायची आणि पेटल्यावर तिला आवरून धरायची, हे त्याचं काम. घरात कुणाला तो दिसायचा नाही, पण ऐकू मात्र यायचा. पत्रे सैल बसले असले की चोक घुंऽऽ करत राहायचा. नानांचा चोक घुमत नसे. ऐन उमेदीत, नुसता डिप्लोमा खिशात घेऊन, डहाणूतल्या एका भाड्याच्या गाळ्यात त्यांनी धंदा सुरू केला तो एवढ्या एकाच गोष्टीवर. मी नोकरीला लागले तेव्हा ठाण्यापासून पार सुरतेपर्यंत दुकानदार 'तारका' हे नाव ऐकलं की दुसरं काही विचारत नसत.

ती नोकरी २०१४ सालची. मी सरावलीची, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, तपासणी विभागासाठी अर्ज केला होता. नानांनी माझे मार्क बघितले नाहीत. करवतीने मधोमध कापलेला एक चोक माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "हा कुणी बनवला असेल सांग."

मी म्हटलं, "तुम्ही."

"नाही. आमचा असता तर तार अशी एकमेकींवर चढली नसती. हा परत आलेला माल आहे, दुसऱ्या कंपनीचा. आपण दुसऱ्यांचाही परत आलेला माल बघायचा. त्यात शिकायला मिळतं."

'परत' हा त्यांचा शब्द. महिन्याच्या मीटिंगला विक्रीवाला उत्साहाने सांगायला लागायचा, अमुक ठिकाणी इतका माल गेला, तमुक ठिकाणी नवीन दुकान मिळालं. नाना खिडकीबाहेर बघत बसायचे. त्याचं संपलं की विचारायचे, "परत किती आले?" फार थोडे आले असतील तर मान हलवायचे आणि उठायचे. मीटिंग संपली. गेलेला माल हा त्यांच्या लेखी अजून वाटेतच असायचा. तो परत आला नाही म्हणजे पोचला.

घोलवडला त्यांचं घर आणि थोडी वाडी होती. चिकूच्या दिवसांत जीपमधून टोपली यायची आणि प्रत्येक विभागात फळं वाटली जायची. पण खायची परवानगी नसे. ते फळ हातात धरून अंगठ्याने अलगद दाबायचे आणि म्हणायचे, "आज नको. उद्या." उद्याही कधीकधी "उद्या"च असायचं. पॅकिंगच्या बायका हसत, आणि नाना वळले की एखादी खाऊनही टाकत. त्यांना ते ठाऊक होतं असं मला वाटतं.

मी लागून काही महिने झाले असतील, माझे वडील गेले. नाना भेटायला सरावलीला आले. ओटीवर बसले. आईने पाणी दिलं ते घेतलं. घरात सगळे हळू आवाजात बोलत होते, आणि त्या हळू बोलण्यात वरच्या ट्यूबचा घुमण्याचा आवाज भरून राहिला होता. इतकी वर्षं तो आवाज आमच्या घरात होता, आम्हाला कधी ऐकू आला नव्हता. नानांनी एकदा वर बघितलं आणि नजर खाली घेतली. दुसऱ्या दिवशी कारखान्यातला एक माणूस आला, स्टूल मागून घेतलं आणि चोक बदलून गेला. त्या संध्याकाळी दिवा लावला तेव्हा आई म्हणाली, "घर केवढं शांत झालं." आणि मग ती पहिल्यांदा मोकळेपणाने रडली.

अशा माणसाला पुढे काय येतंय ते दिसलं नाही, असं लोक म्हणतात. मी आता बोईसरला एका कंपनीत आहे. मध्ये आम्हाला एक प्रशिक्षण होतं. शिकवणाऱ्या तरुणाने पडद्यावर मोठमोठ्या बुडालेल्या कंपन्यांची चित्रं दाखवली. "हे झोपले होते," तो म्हणाला, आणि सगळे हसले. मी हसू शकले नाही. माझ्या डोळ्यांपुढे जीपमध्ये मान कलती करून बसलेले नाना आले. त्यांच्याइतका जागा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

झालं होतं ते वेगळंच होतं. ते नाना स्वतः सांगायचे, आणि मोठ्या अभिमानाने सांगायचे. पुष्कळ वर्षांपूर्वी बाजारात इलेक्ट्रॉनिक चोक आले. हलके, स्वस्त, आणि न घुमणारे. सगळ्यांनी नानांना सांगितलं, आता तांब्याचं संपलं, तुम्हीही ते सुरू करा. बँकेच्या माणसाने सांगितलं, थोरल्या भावाने सांगितलं. वापीचे हसमुखभाई, त्यांचे सगळ्यांत जुने आणि मोठे दुकानदार, त्यांनी तर 'तारका'ची ऑर्डरच थांबवली. नाना थांबले. त्यांनी एकाही बाईला घरी बसवलं नाही. आणि पावसाळ्यात इकडच्या खेड्यांतली वीज वर-खाली व्हायला लागली तसे ते हलके चोक पटापट जळाले. दिवाळीच्या आधी हसमुखभाई स्वतः गाडी घेऊन तलासरीला आले. फाटकातच म्हणाले, "नाना, माफ करा. माल भरा."

हा किस्सा नानांनी मला निदान दहादा सांगितला असेल. दर वेळी शेवटी ते "माल भरा" हसमुखभाईंच्या आवाजात म्हणायचे. कारखान्यातल्या प्रत्येकाला तो पाठ होता. आता वाटतं, हरले असते तर बरं झालं असतं. त्या वेळी जिंकले, आणि जिंकण्यातून जे शिकायला मिळालं ते त्यांच्या अंगात मुरलं. नवीन आलं की थांबायचं. पाऊस जाऊ द्यायचा. खोटं असेल ते जळून जातं.

एलईडी दिवे आले तेव्हा नानांनी मानेला झटका देऊन ते उडवून लावले, असं मुळीच नाही. पंधरा सालच्या सुरुवातीला त्यांनी मला बोलावलं. टेबलावर एक एलईडी बल्ब पेटलेला होता. नाना त्याला कान लावून बसले होते.

"राऊतबाई, याचा काहीच आवाज येत नाही हो."

"त्यात घुमण्यासारखं काही नाहीच नाना. याला चोक लागत नाही."

"हं." त्यांनी बल्ब बंद केला, पुन्हा लावला. "आपण करून बघू या. पण आपल्या पद्धतीने."

मागची पॅकिंगची खोली मला मिळाली. हाताखाली दोन माणसं, एक टेबल, थोडी यंत्रं. आम्ही बल्ब जुळवले. नानांनी त्यातली प्रत्येक गोष्ट जाड करायला लावली. पत्रा जाड, तार जाड, वरचं आवरण जाड. आमचा बल्ब हातात घेतला की गोळाफेकीची आठवण यायची. आणि मग तो टिकतो की नाही हे बघण्यासाठी नानांनी जागा निवडली धाकट्या डहाणूची.

तिथे खाडीच्या तोंडाशी त्यांच्या एका वर्गमित्राची, तांडेल यांची, बर्फ आणि मासळीचे खोके ठेवायची शेड होती. खारा वारा, ओल, आणि वीज अशी की पंखा कधी उडायला बघायचा तर कधी मोजता यावीत इतक्या हळू पाती फिरायची. "इथे जो टिकेल तो कुठेही टिकेल," नाना म्हणाले. पावसाच्या तोंडावर आम्ही तिथे बल्बची माळ टांगली. मी विचारलं, "कधीपर्यंत?"

"पावसाळा जाऊ दे. होड्या परत समुद्रात जाऊ देत. गणपती, नवरात्र, दिवाळी. मग बोलू."

दर काही दिवसांनी आम्ही जीपने तिकडे जायचो. तांडेल नानांची थट्टा करायचे. "अरे चुरी, तुझे दिवे बघून माझी मासळी जागी राहते. विक ना आता!" नाना हसायचे आणि वर बघत प्रत्येक बल्बाखाली थोडं थोडं थांबायचे. परत येताना मी सांगायचे की बाजारात भाव उतरतायत, आतल्या एलईडीच्या चिपाही नव्या तऱ्हेच्या आल्यात, त्यांना इतकं जाड काही लागतच नाही. नाना ऐकायचे. मध्येच तोडायचे नाहीत. सगळं ऐकून घेऊन म्हणायचे, "येऊ देत. आपला आधी टिकू दे."

पाऊस उघडला त्या सुमारास रमीलाच्या मुलाचं लग्न झालं. रमीला धोडी म्हणजे वाइंडिंगच्या, तार गुंडाळणाऱ्या सगळ्या बायकांची प्रमुख. तलासरीच्या आतल्या बाजूच्या एका पाड्यावर तिचं घर. पोरसवदा वयात कारखान्यात आली, तिथेच तिचे केस पिकायला लागले. नानांनी तार कशी ओढायची ते तिला शिकवलं आणि तिने बाकी सगळ्यांना. तारेला हात लावूनच ती सांगायची, ही जरा घट्ट गेलीय म्हणून.

लग्नाला नाना गेले, आम्ही चार-पाच जण बरोबर होतो. अंगणात मांडव, तारपा वाजत होता, पोरं नाचत होती. मांडवाच्या बांबूंना बल्ब लावले होते, पांढरेशुभ्र. घराच्या दारातही तसाच एक. सगळे एलईडी. वीज कंपनीच्या कार्यालयात स्वस्तात मिळत होते, ते. नानांची मान वर गेली आणि रमीलाने ते पाहिलं. ती लगबगीने पुढे आली. पदराने हात पुसत म्हणाली, "बिल कमी येतं साहेब. म्हणून पोरांनी आणले. ट्यूब पण हाय आत. काढली नाय."

"अगं, छान दिसतोय मांडव," नाना म्हणाले.

ती तरी खाली मान घालून उभी राहिली. काही चोरताना पकडली गेल्यासारखी. नानांनी तिच्या सुनेच्या हातात आहेर दिला, जेवले, दोनदा भात मागून घेतला. मग जीपने परत निघालो. घोलवडच्या फाट्याला मला गाडीत बसवून देताना ते एवढंच म्हणाले, "तिने कशाला माफी मागायची?"

दिवाळी झाली. धाकट्या डहाणूच्या शेडमधले आमचे सगळे बल्ब चालू होते. एकही गेला नव्हता. नानांनी तिथेच, त्या माशांच्या खोक्यांमध्ये उभं राहून टाळी वाजवली. त्यांना टाळी वाजवताना मी तेवढंच एकदा पाहिलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही वापीला हसमुखभाईंच्या दुकानात गेलो.

हसमुखभाईंनी उभं राहून स्वागत केलं, चहा मागवला. नानांनी बल्ब काउंटरवर ठेवला. "एक पावसाळा काढलाय खाडीवर. लिहून देतो, जळणार नाही."

हसमुखभाईंनी बल्ब उचलून तळहातावर तोलला. मग मागे वळून फळीवरून एक बल्ब काढला आणि नानांच्या हातात दिला. तो पिसासारखा हलका होता. भाव सांगितला. आमचा नुसता कच्चा माल त्याहून महाग पडत होता.

"हा टिकतो?" नानांनी विचारलं.

"नाही टिकत सगळा. पुष्कळ पाछा येतात." त्यांनी काउंटरखालचा खोका पायाने पुढे ओढला. परत आलेले बल्ब होते, भरून.

"मग?"

"मग काय नाना? घराक, आपलं गिऱ्हाईक, बल्ब घेऊन येतो, मी तिथल्या तिथे दुसरा देतो. कंपनी मला बदलून देते. घराक पण खुश, मी पण खुश."

नानांनी खोक्यातला एक बल्ब उचलून कानाशी हलवून बघितला.

"गेल्या वर्षी मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, लोक अजून चोकच मागतात."

"मागत होते ना! खोटं नाही बोललो." हसमुखभाईंचा चेहरा खरोखर उतरला होता. "चोक मागायला जो आला त्याने चोकच मागितला. जो आला नाही, त्याचं मला काय माहीत? तो समोरच्या दुकानात गेला होता. साचू सांगू नाना, तुम्ही दिवा टिकवायला बसलात, आणि इथं दर चार महिन्यांनी दिवाच बदलतोय."

नानांनी चहा संपवला. कप बशीत नीट ठेवला. वाटेत तलासरी जवळ आल्यावर ते म्हणाले, "त्याच्याकडे परत आलेल्या मालाचा खोका होता, राऊतबाई. आणि तो हसत होता." त्यात राग नव्हता. ज्या भाषेत आयुष्यभर बोललो ती समोरच्याला कळेनाशी झालीय, असं लक्षात आलेल्या माणसाचा तो आवाज होता.

तरीही एक वाट उरली होती. पुढच्या वर्षी दमणचा एक तरुण व्यापारी आला. त्याला 'तारका' हे नाव हवं होतं. सुटे भाग तो बाहेरून आणणार, आम्ही इथे फक्त जुळवायचे, नाव आमचं. मी तिथे होते, त्याने सगळं नीट मांडलं होतं, फसवाफसवीचं काही दिसत नव्हतं. शेड बघून झाल्यावर तो म्हणाला, "तीसेक बायका पुरतील."

तेव्हा वाइंडिंग, पत्रे, पॅकिंग मिळून दीडशेच्या वर बायका होत्या.

"आणि बाकीच्यांना काय सांगू?" नानांनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. तुमची माणसं आहेत."

नानांनी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत ते रोज वाइंडिंगच्या शेडमध्ये जाऊन उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत. बायकांना वाटलं, साहेब काम बघतायत. त्या आणखी मान खाली घालून तार ओढत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी व्यापाऱ्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मी धीर करून विचारलं तर म्हणाले, "कुठल्या तीस, हे मला ठरवता आलं नाही." आणि मग, "वर्षभर थांबू. सरकारी शाळा आहेत, कचेऱ्या आहेत. तिथे ट्यूबच आहे अजून."

शाळा-कचेऱ्यांनीही दिवे बदलले. आधी एक पाळी गेली, मग आठवड्यातले दोन दिवस गेले. नवीन बायकांना पहिल्यांदा सांगितलं, मग जुन्यांना. दर वेळी नाना स्वतः सांगायचे, दुसऱ्या कुणाला पाठवायचे नाहीत. सांगून आले की केबिनमध्ये बसून राहायचे. जेवणाचा डबा तसाच परत घोलवडला जायचा.

सतरा सालच्या उन्हाळ्यात कारखाना बंद झाला. कुणाचं काही देणं ठेवलं नाही. त्यासाठी वाडीचा एक तुकडा गेला असं नंतर कानावर आलं. शेवटच्या दिवशी सगळ्या शेडमध्ये जमल्या. मशिनं थांबलेली, इतकी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती. नानांनी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना बोलता येईना. तेव्हा रमीला पुढे आली. मला वाटलं, ती त्यांना सावरायला आली.

"साहेब, तो दमणवाला आलता ना, तो तिसांना ठेवनार होता?"

ही गोष्ट तिला कुणी सांगितली कोण जाणे. नानांनी मान हलवली.

"मंग तीस तरी ऱ्हायल्या असत्या."

"कुणाला काढू रमीला? तूच सांग. तू असतीस तर कुणाला काढलं असतंस?"

"ते आमी बगितलं असतं." तिचा आवाज चढला होता, डोळे भरले होते. "कोनाचा नवरा कमावतो, कोनाचा नाय, आमाला म्हाईत हाय. कोनी सहा महिने केलं असतं, कोनी सहा महिने. तुमी आमाला इचारायचं होतं साहेब. एकदा इचारायचं होतं."

नाना ज्या बायकांसाठी दोन दिवस झोपले नाहीत, त्यांना विचारावं, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्यांचं भलं आपण करायचं, त्यांना त्रास नको द्यायला, अशी त्यांची समजूत होती. कारखान्यात शिरताना प्रत्येक मशीन ऐकणारा हा माणूस. त्या क्षणी त्यांचा चेहरा जसा झाला तसा मला पुन्हा बघायचा नाही. त्यांनी हात जोडले. रमीलाने ते बघून न बघितल्यासारखं केलं आणि ती वळून बाहेर गेली. मागोमाग बाकीच्याही गेल्या, एकेक, कुणी पाया पडून, कुणी तशीच.

रमीलाचं म्हणणं खरं ठरलं असतं की नाही, मला माहीत नाही. तो दमणवालाही पुढे फार चालला नाही असं ऐकलं. पण त्या बायकांना निदान बोलायला मिळालं असतं.

शेड विकली गेली. ऑनलाइन मागवलेला माल पोचवणाऱ्या एका कंपनीने तिथे गोदाम केलं. मी बोईसरला लागले. नानांना मध्ये दोन-तीनदा फोन केला. ते माझ्या आईची चौकशी करायचे, कामाचं काही विचारायचे नाहीत.

मग ती भूकंपाची थंडी आली. डहाणू-तलासरीकडे जमीन हादरायला लागली आणि थांबेचना. दिवसातून कितीदा तरी खालून धडधड यायची, भांडी वाजायची. एकोणीस सालच्या सुरुवातीला एक मोठा धक्का बसला तेव्हा पाड्यांवरची बरीच घरं तडकली. माणसं पोराबाळांना घेऊन उघड्यावर झोपायला लागली. आमच्या कंपनीतल्या काही जणांनी ताडपत्र्या गोळा केल्या आणि एका दुपारी मी त्या घेऊन रमीलाच्या पाड्यावर गेले.

नाना तिथे आधीच होते. जीप नव्हती, कुणाच्या तरी टेम्पोतून आले होते. खूप वाळले होते. रमीलाच्या घराची मागची भिंत वरपासून खालपर्यंत फाटली होती, ती बघत उभे होते. रमीला मला बघून हसली. नानांशी ती बोलत होती की नाही ते कळेना. म्हाताऱ्या सासूला कुठे झोपवायचं, हा तिला घोर होता. रान ओलं होतं, दवाने ताडपत्री आतूनही भिजायची.

"कारखान्याची जमीन पक्की आहे," नाना एकदम म्हणाले. "कोबा आहे सगळा. वर छताला लोखंडी कैच्या, अंगावर पडण्यासारखं काही नाही."

रमीलाने त्यांच्याकडे बघितलं. "आता कुठं आपला तो साहेब."

"विचारून तर बघू."

'विचारून' म्हणताना ते अडखळले, असं मला वाटलं. कदाचित तो माझा भास असेल.

टेम्पोत सासूला, पोरांना, आणखी चार घरच्या बायकांना बसवून आम्ही हायवेला आलो. ऊन उतरलं होतं. फाटकाला नवा रंग होता, वर नवी पाटी. तरुण वॉचमन खुर्चीतून उठला. त्याने आमच्याकडे बघितलं, टेम्पोतल्या बोचक्यांकडे बघितलं.

"काय पाहिजे काका?"

नानांनी सांगितलं. धक्के बसतायत, माणसं उघड्यावर आहेत, रात्रीपुरती कोपऱ्यात जागा मिळाली तर बरं होईल.

"आत माल आहे. कुणाला सोडता येत नाही." मुलगा वाईट नव्हता, अवघडला होता. "तुम्ही कोण?"

मी सांगणार होते. शब्द माझ्या तोंडाशी आले होते. पण नानांनी हात किंचित वर केला.

"मी इथे कामाला होतो," ते म्हणाले.

वॉचमनने कंपनीच्या वापीच्या ऑफिसात फोन लावला. तिकडून नाही आलं. गोदामात परक्यांना घेता येणार नाही, विम्याचं काहीतरी. मुलाने फोन खिशात टाकला, रस्त्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "फाटकाच्या बाजूला कोब्याची मोकळी जागा आहे, ट्रक वळायची. सकाळपर्यंत तिकडे ट्रक येत नाही. मी काय बघितलं नाही."

आम्ही ताडपत्र्या उतरवल्या. बायका झपाझप कामाला लागल्या. पोरांनी दगड आणले. म्हाताऱ्या सासूला भिंतीला टेकवून बसवलं, तिने लगेच पानाची चंची सोडली. माझी शेवटची गाडी होती, मला निघावं लागलं.

रस्त्यावर येऊन मी मागे बघितलं. नानांनी पँट घोट्यापर्यंत दुमडली होती. मधला बांबू त्यांनी दोन्ही हातांनी उभा धरला होता आणि रमीला त्याला दोरी बांधत होती.

"वर धरा साहेब. अजून वर."

त्यांनी बांबू वर केला. तिच्या तोंडून "बास" कधी येतं याकडे लक्ष देऊन ते तसेच उभे होते.